अंगठ्या मोजून क्वार्टरबॅक कळतो का?

२०१३ च्या हंगामात एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या लीगमध्ये डेन्व्हर ब्रॉन्कोजचा क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमण चालवणारा खेळाडू, पेटन मॅनिंग याने ५५ टचडाऊन पास टाकले. एका हंगामात इतके कुणीच टाकलेले नाहीत. त्याच हंगामात पासच्या जोरावर त्याने ५,४७७ यार्ड मिळवले. तोही विक्रम, आधीच्या विक्रमापेक्षा बरोबर एक यार्ड जास्त. संघाने ६०६ गुण कुटले. मग फेब्रुवारी २०१४ मध्ये न्यू जर्सीत सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, झाला आणि सिएटल सीहॉक्सने या संघाला ४३-८ असं धुऊन काढलं.

दोन वर्षांनी तोच मॅनिंग ३९ वर्षांचा होता. मानेच्या शस्त्रक्रियांनंतर हातात पूर्वीचा जोर राहिलेला नव्हता. अख्ख्या हंगामात ९ टचडाऊन पास आणि १७ इंटरसेप्शन, म्हणजे १७ वेळा पास थेट प्रतिस्पर्ध्याच्या हातात. मध्यंतरी त्याला बाकावरही बसवलं. सुपर बोलमध्ये त्याने जेमतेम १४१ यार्ड मिळवले, टचडाऊन पास शून्य. ब्रॉन्कोजने तो सामना २४-१० असा जिंकला आणि मॅनिंगला दुसरी अंगठी मिळाली. सुपर बोल जिंकणाऱ्या संघातल्या प्रत्येकाला अशी हिरेजडित अंगठी मिळते, आणि अमेरिकेत क्वार्टरबॅकची थोरवी बहुतेक जण याच अंगठ्या मोजून ठरवतात.

मॅनिंग थोर होता याबद्दल तिथे फारसं दुमत नाही. भांडण आहे ते कशामुळे थोर होता यावर, आणि टॉम ब्रेडी, जो मोंटाना, पॅट्रिक माहोम्स यांच्या रांगेत त्याला कितवा उभा करायचा यावर. हंगाम सुरू असला की हे भांडण दर रविवारी नव्याने पेटतं. न्यू जर्सीत किंवा टेक्सासात वाढलेली आपल्या नात्यातली मुलं जेवणाच्या टेबलावर यावरून एकमेकांच्या उरावर बसतात आणि आई-बाबा नुसते बघत राहतात. सुपर बोल भारतात सोमवारी पहाटे पाचच्या सुमाराला सुरू होतो. कुणाच्या तरी आग्रहाखातर तो लावणाऱ्यांचीही तीच गत होते. या लोकांना निदान भांडणाचा मुद्दा कळावा, म्हणून हा प्रपंच.

आधी खेळ. हा मेस्सीचा फुटबॉल नव्हे. लांबट चेंडू, हेल्मेट, खांद्यांवर पॅड आणि मुद्दाम मारलेल्या धडका, असा हा अमेरिकन फुटबॉल. मैदान १०० यार्डांचं, दोन्ही टोकांना दहा-दहा यार्डांची पट्टी. त्या पट्टीत चेंडू नेला की टचडाऊन, त्याचे ६ गुण. तेवढं जमत नसेल तर दोन खांबांमधून किक मारून ३ गुण. चेंडू ज्या संघाकडे आहे त्याला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं. सरकला तर नवे चार प्रयत्न, नाही तर चेंडू समोरच्याकडे. या प्रयत्नांना डाउन म्हणतात. दोन्ही बाजूंचे अकरा-अकरा जण मैदानात असतात, पण आक्रमणाचे अकरा वेगळे आणि बचावाचे अकरा वेगळे. ही गोष्ट इथेच पक्की लक्षात ठेवा. आपला बचाव खेळत असताना क्वार्टरबॅक बाहेर बाकावर पाणी पीत बसलेला असतो.

आक्रमणाचा प्रत्येक डाव, म्हणजे प्रत्येक प्रयत्न, त्याच्या हातून सुरू होतो. समोरचा सेंटर नावाचा धिप्पाड गडी दोन पायांमधून चेंडू मागे देतो, त्याला स्नॅप म्हणतात. मग क्वार्टरबॅकने तो चेंडू कुणाला तरी द्यायचा, लांब फेकायचा किंवा स्वतः घेऊन पळायचं. बरोबरचे पाच लाइनमन त्याच्याभोवती भिंत करून उभे राहतात आणि समोरचे चार-पाच जण ती भिंत फोडून त्याला आडवा करायला धावतात. चेंडू हातात असताना आडवा झाला की तो सॅक. भिंत साधारण अडीच-तीन सेकंद टिकते.

क्रिकेटमध्ये एक चेंडू म्हणजे मुळात एक गोलंदाज आणि एक फलंदाज यांच्यातला मामला. म्हणून फलंदाजीची सरासरी पन्नास म्हटली की त्या माणसाबद्दल काहीतरी ठोस कळतं. इथे एकाच क्षणी बावीस माणसं हलतात, आणि जे घडतं ते एकाच्या नावावर लिहिलं जातं. सगळ्या वादाचं मूळ यात आहे.

मग त्याचं स्वतःचं असं काय असतं? दोन डावांच्या मधे घड्याळ ४० सेकंदांपासून उलटं मोजायला लागतं. १९९४ पासून क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्ये एक छोटा रेडिओ बसवलेला असतो, त्यावरून कोच कोणता डाव खेळायचा ते सांगतो. घड्याळात १५ सेकंद उरले की रेडिओ आपोआप बंद होतो. तिथून पुढे तो एकटा. समोरच्या बचावाकडे बघून त्याला ओळखायचं असतं की हे काय करणार आहेत. सगळ्यात मागे एक जण उभा आहे की दोन? पुढे सरकलेला तो गडी खरंच अंगावर येणार आहे की नुसता धाक दाखवतोय? म्हणून तो आपल्या एखाद्या खेळाडूला स्नॅपआधी मैदानात आडवा चालायला लावतो. त्याच्यामागे समोरचा एक जण सावलीसारखा गेला तर ओळखायचं की आज माणूस धरून बचाव आहे. कुणीच गेलं नाही तर प्रत्येकाने मैदानाचा एकेक तुकडा वाटून घेतलाय. नेमलेला डाव या बचावापुढे चालणार नाही असं दिसलं तर तिथल्या तिथे ओरडून बदलायचा. मॅनिंग यातला बादशहा. लाइनपाशी हातवारे करत ‘ओमाहा, ओमाहा’ असं तो ओरडायचा, ते अमेरिकेतल्या लहान पोरांनाही पाठ झालं होतं. ४३-८ ची ती दैना सुरू झाली तीही अशाच बदलाबदलीत. पहिल्याच डावाला तो सूचना द्यायला पुढे चालत गेला, गोंगाटात सेंटरचा गैरसमज झाला आणि चेंडू त्याच्या बाजूने मागे, आपल्याच पट्टीत उडत गेला. बाराव्या सेकंदाला त्याचे सिएटलला २ गुण.

स्नॅपनंतरचं काम याहून अवघड. चार-पाच खेळाडू ठरलेल्या वाटांनी पळत सुटतात. पहिला मोकळा आहे का? नाही. दुसरा? नाही. तिसरा? हे सगळं अडीच सेकंदांत, शंभर-सव्वाशे किलोची माणसं अंगावर येत असताना. तिसरा मोकळा दिसेपर्यंत थांबलात तर उशीर झाला. तो अजून पाठ करून पळत असतानाच, तो जिथे वळणार आहे त्या जागी चेंडू सोडावा लागतो. हवेत सरळ सत्तर यार्ड चेंडू फेकणारी पोरं अमेरिकेत पुष्कळ मिळतात. कुणीही नसलेल्या जागी डोळे झाकून विश्वासाने फेकणारी फार थोडी असतात.

यातलं एक उदाहरण जवळून बघू. फेब्रुवारी २०२०, मायामीतला सुपर बोल. कॅन्सस सिटी चीफ्स सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सच्या १०-२० मागे. चौथ्या सत्रातली सातेक मिनिटं बाकी. २४ वर्षांचा माहोम्स तोवर वाईटच खेळला होता, दोन इंटरसेप्शन देऊन बसला होता. तिसरा डाउन, हवे आहेत १५ यार्ड. हुकलं तर चेंडू समोर जाणार आणि सामना जवळपास हातचा गेला. बाजूला येऊन त्याने कोचना विचारलं, ‘वास्प’ खेळायला वेळ मिळेल का? वास्प हे त्या डावाचं नाव. यात टायरीक हिल नावाचा वाऱ्यासारखा पळणारा खेळाडू खूप आत धावतो, मधल्या बाजूला वळल्याचं भासवतो आणि मग बाहेरच्या कोपऱ्याकडे निघतो. याला वेळ लागतो, आणि त्या दिवशी कॅन्ससच्या भिंतीला भगदाडं पडत होती. म्हणून माहोम्स नेहमीपेक्षा कितीतरी मागे गेला, दहा-बारा पावलं, अंगावर येणाऱ्या गड्यापासून मागे झुकत, पाय नीट रोवलेले नसताना त्याने चेंडू सोडला. चेंडू पन्नासहून जास्त यार्ड हवेतून गेला. हिल तिथे एकटा उभा होता. ४४ यार्ड. पुढच्या सहा-सात मिनिटांत चीफ्सने २१ गुण केले आणि सामना ३१-२० जिंकला.

यात माहोम्सचं काय? डाव सुचवणं, किती मागे जायचं याचा हिशेब आणि तो फेकीचा हात. हिलचा वेग त्याचा नव्हे. डाव रचणारे कोच अँडी रीड, तेही त्याचं श्रेय नव्हे. आणि पुढची काही मिनिटं फोर्टीनाइनर्सला रोखून धरणारा चीफ्सचा बचाव खेळत होता तेव्हा तो बाहेर होता. अंगठी मात्र क्वार्टरबॅकच्या खात्यात पडते.

अंगठ्यांचा हिशेब इथे गडबडतो. २००० सालच्या हंगामात बाल्टिमोर रेव्हन्सच्या बचावाने १६ सामन्यांत मिळून फक्त १६५ गुण दिले. त्याच हंगामात सलग पाच सामने या संघाच्या आक्रमणाला एकही टचडाऊन करता आला नव्हता. तरी ते सुपर बोल ३४-७ ने जिंकले. क्वार्टरबॅक होता ट्रेंट डिल्फर. जिंकल्यावर संघाने त्याला नारळ दिला. याउलट मायामीचा डॅन मरीनो. १९८४ मध्ये, वयाच्या २३ व्या वर्षी, त्याने ५,०८४ यार्ड आणि ४८ टचडाऊन पास केले, तेही पास टाकणं आजच्यापेक्षा कितीतरी अवघड होतं त्या काळात. त्याचा यार्डांचा विक्रम २०११ पर्यंत टिकला. १७ वर्षं खेळला, अंगठी एकही नाही. डिल्फर मरीनोपेक्षा सरस, असं म्हणणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. पण अंगठ्यांचा नियम लावायचाच तर तो सगळ्यांना सारखा लावा.

ब्रेडीच्या सात अंगठ्या हा वादातला हुकुमाचा एक्का. इतक्या अंगठ्या कुठल्या अख्ख्या संघाकडेही नाहीत. पण त्या एकेक उघडून बघा. फेब्रुवारी २०१९ मध्ये त्याने जिंकलेला सामना १३-३ असा होता, त्यात त्याचा टचडाऊन पास एकही नाही. त्याच्या आदल्या वर्षी त्याने सुपर बोलमध्ये ५०५ यार्ड फेकले, तो आजवरचा विक्रम, आणि सामना हरला, ३३-४१. फेब्रुवारी २०१५ मध्ये सिएटलचा संघ शेवटच्या अर्ध्या मिनिटात टचडाऊनपासून एका यार्डावर होता. ब्रेडी बाकावर बसून बघत होता. माल्कम बटलर नावाच्या, ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, कुणीच न घेतलेल्या नवख्या पोराने पास मधेच पळवला आणि ब्रेडीची चौथी अंगठी झाली. तो चेंडू बटलरच्या हातून सुटला असता तर ब्रेडीच्या खेळात काय फरक पडणार होता? काडीचाही नाही.

बरं, मग आकडे घ्या, असं कुणी म्हणेल. १९७३ पासून अमेरिकेत पासर रेटिंग नावाचा आकडा चालतो. पूर्ण झालेल्या पासचं प्रमाण, दर पासमागे यार्ड, टचडाऊन आणि इंटरसेप्शन, या चारांची मोट बांधून तो काढतात. जास्तीत जास्त १५८.३. हा आकडा का निघाला, हे टीव्हीवर तो रोज सांगणाऱ्यांनाही विचारू नये. या सूत्राची गंमत अशी की एखाद्याने सामनाभर प्रत्येक चेंडू जमिनीवर आपटला, एकही पास पूर्ण केला नाही, तरी त्याचं रेटिंग ३९.६ येतं, कारण इंटरसेप्शन न दिल्याचे पूर्ण गुण मिळतात. सॅक झाला तर सूत्राला पत्ता नाही. पळून मिळवलेले यार्डही धरत नाहीत. दोन यार्डांवर हळूच दिलेला चेंडू घेऊन सहकारी साठ यार्ड पळाला की साठच्या साठ क्वार्टरबॅकचे. आणि सहकाऱ्याच्या छातीवर आपटून चेंडू शत्रूच्या हातात गेला तर पाप मात्र याच्या माथी.

फेब्रुवारी २०२१ च्या सुपर बोलमध्ये चीफ्सच्या भिंतीतले दोन्ही कडांचे मुख्य गडी जखमी होऊन घरी होते. माहोम्स अर्ध्याअधिक वेळा जिवाच्या आकांताने पळत होता. एकदा तर तो हवेत जवळपास आडवा, जमिनीला समांतर झालेला असताना त्याने चेंडू फेकला, आणि तो टचडाऊनच्या पट्टीत सहकाऱ्याच्या हेल्मेटवर जाऊन आपटला. सहकाऱ्याला पकडता आला नाही. वहीत नोंद झाली: अपूर्ण पास. मी पाहिलेल्या सर्वोत्तम फेकींपैकी ती एक आहे आणि आकड्यांत तिची किंमत शून्याखाली आहे. चीफ्स ९-३१ हरले. समोर जिंकणारा ब्रेडी होता, आणि तेव्हापासून त्या एका निकालावर दोघांची तुलना मिटवणारे लोक मी पाहतो आहे.

अलीकडची पद्धत जरा शहाणी आहे. जुन्या हजारो डावांवरून असं काढतात की अमुक डाउन, इतके यार्ड बाकी, मैदानात या जागी, तर संघाला पुढे सरासरी किती गुण मिळतात. डावाआधीचा आणि नंतरचा आकडा यांतला फरक म्हणजे त्या डावाची किंमत. दहा हवे असताना तिसऱ्या डाउनला मिळवलेले आठ यार्ड जुन्या वहीत छान दिसतात, नव्या हिशेबात ते नुकसान ठरतं. दोन हवे असताना मिळवलेले तीन यार्ड मोलाचे ठरतात. पण हाही आकडा शेवटी अकरा जणांचाच. त्यातून एकाला वेगळा काढायचा कसा, हा प्रश्न उरतोच.

मला विचाराल तर सगळ्यात बोलका पुरावा मिळतो तो माणूस हलवला की. म्हणजे क्वार्टरबॅक काढून घ्या आणि संघ बघा, किंवा संघ बदला आणि क्वार्टरबॅक बघा. असं कुणी मुद्दाम करत नाही, पण दुखापती आणि अदलाबदली ते आपोआप करतात. २०१० मध्ये मॅनिंगचा तेव्हाचा संघ इंडियानापोलिस कोल्ट्स १६ पैकी १० सामने जिंकला. २०११ मध्ये मानेमुळे तो एकही सामना खेळला नाही, आणि कोल्ट्स २ जिंकले, १४ हरले. ब्रेडीचं उलट. २००७ मध्ये त्याच्या न्यू इंग्लंड पेट्रियट्सने साखळीतले सोळाच्या सोळा सामने जिंकले. २००८ च्या पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा गेला. त्याच्या जागी मॅट कॅसल आला, आणि संघाने तरीही ११ जिंकले. मॅनिंगवाले हे दोन आकडे खिशात घेऊन फिरतात, आणि त्यात तथ्य आहे. कोच बिल बेलिचिकने ब्रेडीभोवती बांधलेलं घर भक्कम होतं, मॅनिंगच्या घराचा तोच एक खांब होता.

पण मग २०२० उजाडलं. ब्रेडी ४३ व्या वर्षी बेलिचिकला सोडून टॅम्पा बे बकनिअर्सकडे गेला. त्या संघाने आदल्या हंगामात ७ सामने जिंकून ९ हरले होते. त्याने पहिल्याच वर्षी ११ जिंकून दिले आणि पुढे सुपर बोलही. मागे राहिलेले पेट्रियट्स १२-४ वरून ७-९ वर आले. टॅम्पात चांगले खेळाडू आधीपासून होते, बचाव जोरदार होता, सगळं खरं. तरी कोच नवा, डावांची भाषा नवी, कोविडमुळे सराव नीट झालेला नाही, आणि वय असं की त्याच्या बरोबरीचे लोक केव्हाच टीव्हीवर बसून इतरांना अक्कल शिकवत होते. माझ्या लेखी ब्रेडीच्या सातांपैकी सगळ्यात वजनदार अंगठी तीच. २००२ ची पहिली अंगठी मी फारशी मोजत नाही.

अशीच एक अदलाबदल २०२१ मध्ये झाली. मॅथ्यू स्टॅफर्ड डेट्रॉईट लायन्सकडे बारा हंगाम राबला. प्लेऑफमधला, म्हणजे साखळीनंतरच्या बाद फेरीतला, एकही सामना त्याला जिंकता आला नाही. ‘आकडे जमवतो, जिंकत नाही’ असा शिक्का बसला होता. लॉस एंजेलिस रॅम्सनी त्याला घेतलं आणि बदल्यात जॅरेड गॉफ, वर ड्राफ्टमधले हक्क डेट्रॉईटला दिले. पहिल्याच हंगामात स्टॅफर्डने सुपर बोल जिंकला. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, पण कधी कधी अंगण खरोखर वाकडं असतं. गोष्ट इथे संपली असती तर फार सरळ झाली असती. रॅम्सनी ओवाळून टाकलेला गॉफ डेट्रॉईटमध्ये हळूहळू फुलला. जानेवारी २०२४ मध्ये त्याच्या लायन्सने स्टॅफर्डच्याच रॅम्सना प्लेऑफमध्ये २४-२३ हरवलं. डेट्रॉईटचा ३२ वर्षांतला तो पहिला प्लेऑफ विजय. त्या रात्री स्टेडियममध्ये लोक गॉफच्या नावाचा गजर करत होते आणि ज्याला बारा वर्षं डोक्यावर घेतलं त्या स्टॅफर्डला हुर्यो उडवत होते. तर मग अंगण कुणाचं वाकडं होतं? माझा अंदाज, दोघांचंही, वेगवेगळ्या जागी.

हे ओळखता येत नाही म्हणूनच ड्राफ्टमध्ये इतक्या ठोकरा बसतात. ड्राफ्ट म्हणजे कॉलेजातल्या खेळाडूंची दरवर्षीची निवड, आदल्या हंगामातल्या सगळ्यात कमकुवत संघाला पहिला हक्क. १९९८ मध्ये मॅनिंग घ्यावा की रायन लीफ, यावर जाणकारांत खरी चर्चा होती. लीफ दुसरा निवडला गेला आणि थोड्याच हंगामांत कारकीर्द आटोपली. ब्रेडी २००० मध्ये १९९ वा. त्याच्याआधी सहा क्वार्टरबॅक गेले. ४० यार्ड पळायला त्याला ५.२८ सेकंद लागले, म्हणजे या खेळात कासवच. उंची, वजन, हाताची ताकद, धावण्याचा वेग, हे सगळं घड्याळ आणि पट्टी लावून मोजता येतं, म्हणून मोजलं गेलं. अडीच सेकंदांत तिसऱ्या माणसापर्यंत नजर पोचते का, मागून धडक येणार हे माहीत असून नजर खाली जाते की वरच राहते, यासाठी पट्टी नव्हती. ब्रेडी वेगाने पळू शकत नव्हता, पण भिंतीच्या आत अर्धं पाऊल डावीकडे, अर्धं पुढे, इतकं सरकून अंगावर आलेला गडी चुकवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता.

मोजपट्टीच्या आड आणखी एक गोष्ट लपलेली होती, आणि तिचं नाव घेतलं पाहिजे. क्वार्टरबॅकला डोकं लागतं, आणि काळ्या खेळाडूंत ते नसतं, असं दशकानुदशकं गृहीत धरलं गेलं. कॉलेजात चमकलेल्या काळ्या क्वार्टरबॅकला ‘तू पळतोस छान, रिसिव्हर (पास झेलणारा) हो’ असं सांगायची रीतच होती. वॉरन मून १९७८ मध्ये रोझ बोल हा कॉलेजचा मोठा सामना जिंकून, त्यातला सर्वोत्तम खेळाडू ठरून बाहेर पडला. जागा बदलायला तो तयार नव्हता, ड्राफ्टमध्ये त्याला कुणी घेतलं नाही. तो कॅनडात गेला, एडमंटनसाठी तिथली अजिंक्यपदाची स्पर्धा सलग पाच वर्षं जिंकला, आणि मग १९८४ मध्ये अमेरिकेत त्याच्यासाठी दारं उघडली. पुढे हॉल ऑफ फेम या थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत निवडला गेलेला तो पहिला काळा क्वार्टरबॅक. जानेवारी १९८८ च्या सुपर बोलमध्ये डग विल्यम्सने एकाच सत्रात चार टचडाऊन पास टाकले, वॉशिंग्टनने सामना ४२-१० जिंकला. तरी २०१८ मध्येही लामार जॅक्सनला रिसिव्हर व्हायचा सल्ला देणारे निघालेच. तो ३२ वा निवडला गेला आणि पुढच्याच वर्षी एकमताने लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. सर्वकालीन थोरांच्या याद्या वाचताना मला नेहमी वाटतं, १९८० च्या आधीच्या याद्यांत किती जण मुळात उमेदवारच होऊ दिले गेले नाहीत.

काळाचा फरक दुसऱ्या अर्थानेही आहे. १९७८ मध्ये नियम बदलले. पाच यार्डांपलीकडे रिसिव्हरला धक्के द्यायला बंदी आली, आणि भिंतीतल्या गड्यांना हात लांब करून ढकलायची मुभा मिळाली. नंतर क्वार्टरबॅकला मारण्यावरही बंधनं वाढत गेली. जो नेमथने कारकिर्दीत १७३ टचडाऊन पास आणि २२० इंटरसेप्शन दिले. आज असा खेळाडू दोन वर्षं टिकणार नाही. पण नेमथ हॉल ऑफ फेममध्ये आहे आणि तिथेच असायला हवा. ५० वर्षांपूर्वीचे आणि आजचे आकडे शेजारी ठेवून वाद घालणं म्हणजे वेळ घालवणं.

राहिला दबावाखाली डोकं शांत ठेवण्याचा मुद्दा. मोंटानाची गोष्ट सगळे सांगतात. जानेवारी १९८९ चा सुपर बोल, फोर्टीनाइनर्स तीन गुणांनी मागे, ९२ यार्ड जायचंय, तीन मिनिटं राहिलीत, आणि हा सहकाऱ्याला प्रेक्षकांकडे बोट दाखवून म्हणतो, अरे तो बघ, जॉन कँडी! जॉन कँडी म्हणजे तेव्हाचा विनोदी नट. मग त्याने ते ९२ यार्ड पार केले आणि ३४ सेकंद बाकी असताना टचडाऊन पास टाकला. सुंदर गोष्ट आहे. फक्त हरलेल्यांनी असंच काही केलं असेल तर ते कुणी सांगत नाही, एवढं ध्यानात ठेवावं. मोंटानाच्या बाबतीत मला त्या किश्शापेक्षा हे पटतं: चार सुपर बोल, १२२ पास, इंटरसेप्शन एकही नाही.

आणि शांत डोक्यालाही नशिबाची गाठ असते. २३ जानेवारी २०२२, बफेलो बिल्स विरुद्ध चीफ्स. शेवटच्या दोन मिनिटांत दोन्ही संघांनी मिळून २५ गुण केले. बफेलोच्या जॉश ॲलनने १३ सेकंद बाकी असताना संघाला ३६-३३ पुढे नेलं. सामन्यातला त्याचा चौथा टचडाऊन पास, इंटरसेप्शन शून्य. माहोम्सने त्या १३ सेकंदांत दोन पास टाकले, १९ यार्ड आणि २५ यार्ड, आणि किकवर बरोबरी झाली. जादा वेळेसाठी नाणं उडवलं, कौल चीफ्सना मिळाला, आणि तेव्हाच्या नियमानुसार पहिल्याच खेपेला टचडाऊन झाला की सामना संपायचा. तो झाला. ॲलनच्या हाती चेंडू पुन्हा आलाच नाही. काही आठवड्यांत लीगने प्लेऑफपुरता तो नियम बदलला. त्या रात्री ॲलन माहोम्सपेक्षा कमी होता असं मला कुणी पटवून दाखवावं.

हा सगळा गुंता एकाच माणसात बघायचा असेल तर पेटनचा धाकटा भाऊ ईलाय मॅनिंग बघा. न्यूयॉर्क जायंट्ससाठी तो १६ हंगाम खेळला. साखळीत ११७ विजय, ११७ पराभव. तीन हंगामांत लीगमध्ये सर्वाधिक इंटरसेप्शन त्याच्या नावावर. आणि दोन सुपर बोल, दोन्ही ब्रेडीविरुद्ध, दोन्हीत सर्वोत्तम खेळाडू. पहिला तर फेब्रुवारी २००८ मधला, समोर एकही सामना न हरलेला पेट्रियट्सचा संघ. शेवटच्या मिनिटांत ईलायचा एक पास समोरच्या खेळाडूच्या बोटांना लागून निसटला. तो पकडला गेला असता तर खेळ खलास. पुढच्याच डावाला दोघा-तिघांनी ईलायची जर्सी धरलेली असताना तो त्यांच्या हातून कसाबसा निसटला आणि चेंडू उंच फेकला. डेव्हिड टायरीने तो एका हाताने स्वतःच्या हेल्मेटवर दाबून धरला. ३२ यार्ड. थोड्याच वेळात टचडाऊन, १७-१४.

२०२५ मध्ये हॉल ऑफ फेमसाठी ईलायचं नाव पहिल्यांदा आलं तेव्हा त्याची निवड झाली नाही. मला मत असतं तर मीही दिलं नसतं. सोळा वर्षांत बारा-तेरा वर्षं तो बरा क्वार्टरबॅक होता, आणि दोन महिने असा खेळला की तसं फार थोड्यांना जमलंय. मोठ्या भावाला मात्र एकही अंगठी नसती तरी मी दिलं असतं. न्यू जर्सीतल्या नातेवाइकांसमोर हे बोलायची माझी तयारी नाही.